चिमूटभर विभूती

सुकन्याच्या टेबलाला हात लावायचा नाही, हे नांदेडच्या त्या विभागात शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. टेबलाच्या कडेला तिने ठसठशीत अक्षरात कागदच चिकटवला होता: ‘हातमोजे नसतील तर लांबूनच बोलावे.’ लोक लांबूनच बोलत. हळूहळू लांबूनही बोलेनासे झाले, आणि हे लक्षात यायला तिला वर्ष लागलं.

तसा तिचा तरी काय इलाज होता? तिचं काम आरएनएवर, आणि आरएनए इतका नाजूक की माणसाच्या बोटावरचा घाम लागला तरी त्याचे तुकडे पडतात. घामात त्याला खाणारा एक पदार्थ असतो. तो उकळून जात नाही, पुसून जात नाही. चार महिने खपून तयार केलेला माल, कुणी नुसतं झाकण उघडून ‘बघू तरी काय आहे’ म्हणालं की संपला.

बरोबरीने पीएच.डी. करणारी तनुजा याला ‘सुकन्याबाईंचं सोवळं’ म्हणायची. गंमत अशी की सुकन्याच्या घरात सोवळं कधी नव्हतंच. निलंग्याचे लिंगायत, कापडाचे व्यापारी. त्यांच्यात ना विटाळ, ना सुतक. आई गेली तेव्हाही कुणी तिला दहा दिवस थांब म्हणालं नाही. मातीला आलेले पाहुणे परतले आणि पाचव्या दिवशी ती नांदेडला आपल्या टेबलाशी हजर होती. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, तर तिसऱ्याच दिवशी दुकान उघडलं होतं. सुतक नसणं चांगलंच. पण सुतकाच्या निमित्ताने दोन माणसं दहा दिवस एका घरात तरी बसतात, हे तिला फार उशिरा सुचलं. तोवर दोन वर्षं उलटली होती, अप्पांनी दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं होतं आणि तनुजाही नोकरी लागून छत्रपती संभाजीनगरला निघून गेली होती. आता टेबलाला हात लावणारंच कुणी उरलं नव्हतं. कागद मात्र तसाच होता.

सुकन्या करत काय होती, ते सांगायला हवं. जिवाणूच्या पोटात प्रथिनं तयार करणारे बारीक कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. कारखान्याचा सांगाडा म्हणजे आरएनएचा एक लांबलचक धागा, घडीवर घडी घालून नेमक्या आकारात बसवलेला. एखादी मोक्याची घडी चुकली की कारखाना बंद. आणि हा धागा एकटा सोडला तर धड घडी घालत नाही. गुंततो, भलतीकडेच अडकून बसतो. म्हणून त्याला सावरायला काही प्रथिनं येतात. शास्त्रज्ञांनी त्यांना नावं दिली नाहीत, नंबर दिले. धाग्याच्या सुरुवातीच्या भागाशी अगदी पहिल्यांदा येणाऱ्यांत असतो तो चार नंबर. त्याने यायचं, धाग्याला धरायचं आणि घडी बसेपर्यंत सोडायचं नाही, अशी साधारण अपेक्षा. तो धरतो कसा, एवढंच सुकन्याला पाहायचं होतं. एवढंच पाहण्यात पाच वर्षं गेली होती.

कारण चार नंबर धरतच नव्हता. मागच्या वर्षी हैदराबादच्या एका संस्थेत तिला तिथलं भारी सूक्ष्मदर्शक दोन दिवस वापरायला मिळालं. चार नंबरला चमकणारा रंग लावलेला. तो धाग्यावर बसला की पडद्यावर ठिपका पेटायचा. ठिपके पेटत होते. दोन सेकंद, तीन सेकंद, की विझले. पुन्हा पेटले, पुन्हा विझले. पाहुण्याने दारात यावं आणि चपलाही न काढता ‘येतो मग’ म्हणून वळावं, तसला प्रकार. तिच्या पीएच.डी.च्या सरांनी ते सगळं पाहिलं आणि म्हणाले की माल स्वच्छ नसेल, आणखी धुऊन घे.

झालं. मुळातच हट्टी पोरगी, तिने धुणं आरंभलं. आठ महिने धाग्यांना चिकटलेलं दुसरं काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. शेवटी बोटभर उंचीच्या सहा नळ्या हाती लागल्या, आत नुसता शुद्ध धागा. सातवीही एक होती, पण ती बाद. तिच्यातल्या धाग्याला सोळा नंबर, सतरा नंबर, वीस नंबर असले बाकीचे भिडू चिकटून राहिले होते, काही केल्या निघत नव्हते. तिच्या झाकणावर सुकन्याने फुली मारली. तरी फेकवेना, म्हणून उजेडाने रंग उडू नये यासाठी काळ्या कागदात ठेवलेल्या चार नंबरच्या नळीबरोबर तिलाही गुंडाळून ठेवली.

हैदराबादची यंदाची तारीख फेब्रुवारीतली होती, आणि ती शेवटची होती. प्रबंधाला आणखी मुदत मिळणार नाही, या खेपेला काही दिसलं नाही तर विषय मिटला, असं सरांनी सरळ सांगितलं. नांदेडहून थेट रेल्वे होती. पण अप्पा फोनवर म्हणाले, निलंग्यावरून जा की, तिथून बीदरवरनं हैदराबादला बस आहे. वाकडी वाट होती. तरी सात महिने घरी गेली नाही, हे तिचं तिलाच लागलं होतं. बर्फाच्या पिशव्या भरलेलं थर्माकोलचं खोकं मांडीवर घेऊन ती एसटीत बसली. लातूरला गाडी बदलताना एका बाईने मदत म्हणून खोक्याला हात घातला, तर ही तिच्या अंगावर ओरडली.

तिचे अप्पा, बसलिंगप्पा, फाटकातच उभे होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे नेहमीसारखे, पण डोक्यावर फेट्याऐवजी टोपी. ऊन वाढलं म्हणून असेल, असं सुकन्याला वाटलं. तिने विचारलं नाही. खोकं तिने स्वतः नेऊन फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात बसवलं आणि बजावलं, की याला हात लावायचा नाही.

जेवताना अप्पांनी विचारलं की त्यात एवढं आहे तरी काय. तिने थोडक्यात सांगितलं, की धागे आहेत, त्यांची घडी नीट बसते का ते बघायचं आहे. अप्पा खुलले. चाळीस वर्षं कापडाच्या घड्या घातलेला माणूस. लेकीचं काम आपल्याच धंद्यातलं निघालं, असं त्यांना झालं. त्यांना आणखी खूप विचारायचं होतं. पण सुकन्याचे डोळे मिटत होते.

“आन् न्हाई बसली घडी, तर?” एवढंच त्यांनी विचारलं.

“तर पाच वर्षं गेली, अप्पा,” ती म्हणाली आणि ताट उचलून उठली.

आता या बसलिंगप्पांची एक सवय होती. घरातल्या कुणाचं काही अडलं की चिमूटभर विभूती. सुकन्याच्या दहावीला हॉल तिकिटावर विभूती, पेनाच्या टोपणात विभूती. ताप आला की वाटीभर पाण्यात विभूती. आई लातूरच्या दवाखान्यात होती तेव्हा नर्सची पाठ वळली की औषधाच्या कपात विभूती. माणूस दुसरं काही करू शकत नसला म्हणजे असंच काहीतरी करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकन्या गावाबाहेर आईच्या समाधीवर गेली. तिथलं गवत उपटलं, थोडा वेळ बसली. परत आली तेव्हा साडेदहा झाले होते आणि लाइट नव्हती. अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हसतमुख उभे होते. त्यांच्या मागे ओट्यावर ते खोकं होतं, उघडं.

“लाइट गेलती,” ते म्हणाले. “बर्फ वितळायलता, म्हणून खोलून बघितलो. शेजारून बर्फ आणून भरलो. आन् सहाच्या सहा नळ्यांत चिमूट चिमूट टाकलो बघ. आता बसतीय तुझी घडी. त्या काळ्या कागदाला हात न्हाई लावलो, त्यात काय हाय कुणास ठाऊक.”

सुकन्या ओट्याशी धावली. तिने एक नळी उजेडात धरली. पाण्यावर राखेचा करडा तवंग होता आणि झाकणाच्या आत, अगदी कडेला, बोटाचा ठसा. बोटांचा घाम तर लागलाच होता. शिवाय राखेचा खार, ज्यात हा धागा विरघळावा तसा तुटत जातो. आठ महिन्यांचं काम म्हाताऱ्याने पाच मिनिटांत मायेने संपवलं होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

“तुमचा हात लागला, अप्पा. आता यात काही उरलं नाही.”

“जरासंच टाकलो की, माय.”

“आईच्या औषधातही टाकत होतात. काय झालं त्याने?”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं की हे बोलायचं नव्हतं. अप्पांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, उलटे-सुलटे करून पाहिलं, आणि ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले. तिने सरांना फोन केला. ते म्हणाले, तारीख वाया घालवू नकोस, जे काय उरलंय ते घेऊन जा. काळ्या कागदातली फुलीची नळी उरली होती. जायचं म्हणून जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन माजघराच्या दारात आली आणि थबकली. अप्पा तिला बसस्टँडवर सोडायला निघायचं म्हणून फेटा बांधत होते. पांढरंशुभ्र दहा हात कापड. आई होती तेव्हा रोज सकाळी एक टोक ती धरायची. दोघं कापड ताणून चुण्या घालत, मग अप्पा डोक्याला वेढे घेऊ लागत आणि आई टोक हातात धरून एक एक पाऊल पुढे येत जाई. फेटा बांधून संपेपर्यंत ती अगदी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिलेली असे. लहानपणी सुकन्याने हे इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात पाहण्यासारखं काही असतं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

आता अप्पांनी टोक खिडकीच्या गजात अडकवलं होतं. दोन वेढे झाले की ताण पडायचा आणि टोक सुटायचं. अप्पा जाऊन ते उचलायचे, झटकायचे, पुन्हा गजात खोचायचे. तीनदा झालं. टोपी का आली होती, ते सुकन्याला तेव्हा समजलं. चार पावलं पुढे जाऊन टोक धरायचं, एवढंच काम होतं. ती गेली नाही. राग होता, आणि रागाहून जास्त लाज होती. कालचं बोलून झाल्यावर कोणत्या तोंडाने जायचं? चहा गार होईपर्यंत ती दारातच उभी राहिली. चौथ्यांदा टोक सुटलं तेव्हा अप्पांनी कापडाची घडी घातली, ते पेटीत ठेवलं आणि टोपी घातली.

बसस्टँडवर त्यांनी तिची पिशवी उचलून गाडीत दिली. मग सवयीने खोक्याकडे वळले, आणि हात मागे घेतले. गाडी हलेपर्यंत हात तसेच पाठीमागे बांधून ते उभे होते.

हैदराबादला तिने आधी सहा नळ्या तपासल्या, उगाच आशा नको म्हणून. सगळ्यांत नुसता चुरा. मग फुलीवाली उघडली. धागा काचेवर पसरला, रंगीत चार नंबर सोडला आणि अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसली. पहिला ठिपका पेटला. ती मनात आकडे मोजू लागली, दोनला विझेल, तीनला विझेल. वीस झाले. तीस झाले. साठाच्या पुढे गेल्यावर तिला वाटलं पडदाच अडकला. पण शेजारी दुसरा ठिपका पेटला आणि तोही राहिला. मग तिसरा. काही येऊन गेले, बरेचसे थांबले. पडद्यावर इतके ठिपके एका वेळी पेटलेले तिने पाच वर्षांत पाहिले नव्हते.

सोळा, सतरा, वीस. ज्यांना मळ म्हणून ती आठ महिने धूत बसली होती, तेच धाग्याला आजूबाजूने धरून होते, म्हणून घडी सैल पडत नव्हती, आणि म्हणून चार नंबरला थांबायला जागा होती. एकट्या चार नंबरचं काही चुकत नव्हतं. तो येत होता, घडी जराशी सावरत होता, आणि सोबत कुणी नाही म्हणून सुटत होता. तरी पुन्हा पुन्हा येत होता. आणि ती दर वेळी आणखी स्वच्छ, आणखी रिकामी नळी त्याच्यापुढे ठेवत होती.

संध्याकाळपर्यंत तिने पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तेच. सरांना फोन लावला, ते बैठकीत होते म्हणून निकाल लिहून पाठवला, ‘छान. नांदेडला शुद्ध सोळा, सतरा, वीस घालून परत कर’ असा निरोप आला, आणि ते बरोबरच होतं. तनुजालाही कळवलं, तर तिने नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. संस्थेच्या उपाहारगृहात सुकन्या एका टेबलाशी एकटीच बसली. आजूबाजूची पोरं तेलुगूत हसत होती. आनंद झाला होता, खराखुरा झाला होता, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. अशा वेळी माणसं कुणाचा तरी हात धरतात. तिने आपले हात पाहिले. हातमोज्यांच्या पावडरीने ते पांढरे पडले होते, आईच्या समाधीवर लावलेल्या विभूतीसारखे. मग तिने नांदेडचं तिकीट रद्द केलं आणि अप्पांना फोन करून उद्या चारला स्टँडवर पोचते एवढंच सांगितलं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

बीदरला लगेच दुसरी गाडी मिळाली, त्यामुळे ती तीनलाच घराशी पोचली. दार लोटलेलं होतं. अप्पा माजघरात आरशासमोर उभे होते. तिला आणायला स्टँडवर जायचं म्हणून फेटा बांधणं चाललं होतं. आज त्यांनी टोक गजाला सुतळीने पक्कं बांधलं होतं. सुकन्याने पिशवी खाली ठेवली, आवाज न करता सुतळीची गाठ सोडली आणि टोक हातात धरलं. ताण बदलला तसे अप्पा वळले.

“कवा आलीस?”

“आत्ताच. बांधा तुम्ही, मी धरते.”

तिला धरता येत नव्हतं. कधी जास्त ओढलं जाई, कधी कापड जमिनीला टेकत असे. अप्पा वेढे घेत होते आणि ती एक एक पाऊल पुढे सरकत होती. सरकता सरकता तिने सांगून टाकलं, की घडी बसली. सहा नळ्या गेल्या त्या गेल्याच, पण सातवी होती. तिच्यात बाकीचे सगळे होते, म्हणून चार नंबर थांबला. तिचाच हिशेब चुकला होता, अप्पांचा नाही. आईबद्दल जे बोलले ते चुकीचं बोलले, हेही ती म्हणाली.

“बसली घडी?” अप्पांनी विचारलं. त्यांना तेवढंच ऐकू आलं होतं, किंवा तेवढंच ऐकायचं होतं.

“बसली.”

ती त्यांच्यासमोर येऊन पोचली होती. फेटा एका बाजूला कलला होता. तिने टोक खोचून दिलं, पर्समधून ती फुलीची नळी काढली, आता रिकामी, आणि त्यांच्यापुढे धरली. हीच ती, बघा, म्हणाली.

अप्पांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

“थांब माय. हात धुऊन येतो.”

ती नको म्हणेपर्यंत ते मागच्या अंगणात गेलेही होते. नळ सुटल्याचा आवाज आला. साबणाची डबी वाजली. पाणी बराच वेळ पडत राहिलं, एवढा वेळ कुणी हात धूत नाही. रिकामी नळी हातात धरून सुकन्या तिथेच उभी होती.

अप्पा आले. दोन्ही ओले तळहात त्यांनी तिच्यापुढे उघडून धरले, पंक्तीत बसण्याआधी मुलं आईला दाखवतात तसे.

“आता लावू का?” त्यांनी विचारलं.